न्हाणीचं पाणी, पागोळ्यांचं पाणी: केळीचं गोल आळं की शोषखड्डा?

कोकणात न्हाणीचं पाणी केळीला नि माडाला सोडायची रीत जुनीच. गोल आळं म्हणजे त्याच रीतीला दिलेला आकार. मधे सहा फूट रुंद, तीन फूट खोल, वाडग्यासारखा खड्डा. निघालेल्या मातीचा भोवती वरंबा. वरंब्यावर चार-पाच केळी, मधल्या जागेत अळू नि हळद. आणि खड्ड्यात पालापाचोळा, झावळ्या, नारळाची सोडणं. शोषखड्डा बहुतेकांनी पाहिलेला असतो: मीटरभर लांब, रुंद आणि खोल, आत दगड किंवा विटांचे तुकडे, वर झाकण. यातलं एक निवडायचं तर आधी बघा, जिरवायचंय ते पाणी कुठलं.

पागोळ्यांचं असेल तर हिशेब मांडा. 1,000 चौरस फुटांच्या छपरावर दिवसभरात 100 मिलिमीटर पाऊस पडला, आणि आषाढात असे दिवस येतातच, तर 9,000 लिटरच्या वर पाणी खाली येतं. आळ्याचा खड्डा रिकामा असताना 1,200 लिटर धरतो, पाला भरल्यावर त्याहून कमी. शोषखड्डा हजार लिटरचा, पण दगड भरले की फटींत जेमतेम 400 लिटर मावतात. पावसाचा जोर धरला की दोन्ही काठोकाठ. म्हणून छपराच्या पाण्याला खरा उपाय चर आणि सांडवा, म्हणजे जास्तीचं पाणी बाहेर पडायची वाट. आळं त्या वाटेवरचा एक टप्पा.

आमच्या पहिल्या आळ्याला मी सांडवा ठेवला नव्हता आणि सगळी पन्हळ त्यात सोडली होती. श्रावण येईपर्यंत पानं पिवळी पडली. एक मुनवा, म्हणजे केळीचं पिल्लू, उपटला तर कंद बोटाने दाबल्यावर मऊ लागला, आंबूस वास आला. केळीला पाणी भरपूर लागतं, पण उभं पाणी तिला सोसत नाही. पुढच्या वर्षी उताराच्या बाजूला वरंबा वीतभर खाली घेतला, तिथे चिरा बसवला आणि वाहून जाणारं पाणी चरातून माडांकडे नेलं. केळी तगल्या.

न्हाणीच्या आणि मोरीच्या पाण्याला मात्र मी डोळे झाकून आळंच सांगेन. माणशी 55 लिटर धरले तरी चौघांच्या घरात दिवसाला 220 लिटर पाणी वापरलं जातं आणि त्यातलं बरंचसं बाहेर येतं. दिवाळीपासून मिरगापर्यंत केळी ते पिऊन घेतात. खरकट्याचा तेलकटपणा सोडणांत अडकतो, पाल्याबरोबर कुजतो. शोषखड्ड्यात तोच तेलकटपणा नि साबणाचा साका दगडांच्या फटी बुजवतो. मग दगड उपसून धुवायचे, हे काम किळसवाणं आहे. संडासाचं पाणी मात्र दोन्हींत नको.

आळं राबवून घेतं, हेही खरं. पाला खचतो, दर पंधरा-वीस दिवसांनी भर घालावी लागते. उघडं पाणी दिसायला लागलं की डास आलेच. घर गणपती आणि मे महिना सोडून बंद राहत असेल, तर झाकणाचा शोषखड्डाच बरा. जागेचंही तेच: आळ्याला वरंब्यासकट दहा-बारा फूट रुंद जागा हवी, शोषखड्ड्यावरून चालता येतं. दोन्ही विहिरीपासून निदान 15 मीटर आणि घराच्या पायापासून दहा फूट लांब घ्या.

खणायच्या आधी फूटभर खोल खड्डा करून दोनदा पाण्याने भरा. दुसऱ्यांदा सकाळी भरलेलं पाणी संध्याकाळपर्यंत जिरलं नाही किंवा खाली कातळ लागला, तर दोन्हींचा नाद सोडा. तिथे माती वर चढवून उंच वाफ्यावर केळी लावा आणि पाणी चराने पुढे काढा. जमीन पाणी पीत असेल तर मे महिन्यात खणून ठेवा, पहिल्या पावसावर मुनवे लावा, आणि सांडव्याच्या तोंडाशी अडकलेला पाला पावसाळाभर रोज काढत राहा.