‘सम माइट से’: मूळ सिंगल घ्यावे की ‘द मास्टरप्लॅन’?

मँचेस्टरच्या ओअॅसिस या बँडचे ‘सम माइट से’ हे सिंगल (एका मुख्य गाण्यासाठी काढलेली छोटी रेकॉर्ड) २४ एप्रिल १९९५ रोजी निघाले आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलेले ते त्यांचे पहिले सिंगल ठरले. त्याच्या सीडीवर ‘टॉक टुनाइट’, ‘अ‍ॅक्विएस’ आणि ‘हेडश्रिंकर’ या तीन बी-साइड, म्हणजे मुख्य गाण्याच्या जोडीला दिलेली गाणी, होत्या. त्याच वर्षीच्या ‘(व्हॉट्स द स्टोरी) मॉर्निंग ग्लोरी?’ या अल्बममध्ये मुख्य गाणे तेवढे गेले. तिन्ही बी-साइड १९९८ मध्ये ‘द मास्टरप्लॅन’ या संग्रहात आल्या.

माझ्या मते या चारांत सर्वांत श्रेष्ठ गाणे ‘अ‍ॅक्विएस’ आहे. त्याची कडवी बँडचा मुख्य गायक लियम गॅलाघर आपल्या खरखरीत, आव्हान देणाऱ्या आवाजात गातो आणि ध्रुवपद थोरला भाऊ नोएल उचलून धरतो. दोघांची भांडणे जगजाहीर असल्यामुळे ही वाटणी ऐकणाऱ्याला अधिकच भिडते. सिंगलवर ते तिसरे आहे. त्याआधी नोएल एकट्याने ‘टॉक टुनाइट’ गातो. १९९४ च्या अमेरिका दौऱ्यात तो बँड सोडून निघून गेला होता, त्या दिवसांतून आलेले हे हळवे गाणे जवळजवळ केवळ अकूस्टिक गिटारवर उभे आहे, आणि ते संपल्यावर ‘अ‍ॅक्विएस’ची गिटार जी झेप घेते, तिचा परिणाम संग्रहात होत नाही, कारण तिथे त्याच गाण्याने सुरुवात होते. ‘हेडश्रिंकर’ वेगवान आणि रांगडे आहे. संग्रहात ते तेराव्या स्थानी आहे, तर सिंगलवर शेवट म्हणून शोभते.

संग्रहाची बाजूही भक्कम आहे. त्यात चौदा गाणी आहेत आणि ‘हाफ द वर्ल्ड अवे’, ‘रॉकिंग चेअर’ व शीर्षकगीत यांच्यासाठीच तो घेण्याजोगा आहे. उणीव एवढीच, की ‘सम माइट से’ त्यात नाही.

म्हणून ज्यांच्याकडे १९९५ चा अल्बम आहे त्यांनी संग्रह घ्यावा. ज्यांच्याकडे काहीच नाही, त्यांना त्या अल्बमची २०१४ ची तीन सीडींची आवृत्ती सोयीची पडेल, कारण मुख्य गाणे आणि या तिन्ही बी-साइड तीत एकत्र मिळतात. मूळ सिंगल मात्र गाण्यांचा तो क्रम ज्यांना हवा आहे त्यांच्यासाठी आहे, आणि त्यांनी सीडीच शोधावी. बारा इंची रेकॉर्डवर ‘हेडश्रिंकर’ नाही.