वसंतातली गाईडेड अस्वल-शिकार, उत्तर ब्रिटिश कोलंबिया: फ्रीजर रिकामा झाल्यावर लिहिलेला अनुभव

वसंतातल्या अस्वल-शिकारीचे अनुभव लोक परतल्या परतल्या लिहून टाकतात. मी मुद्दाम थांबले. मे अखेरीस गेले होते. आता फेब्रुवारी संपत आलाय, मांसाचं शेवटचं पाकीट मागच्या आठवड्यात कुकरमध्ये गेलं आणि कातडं अजून कमावणाऱ्याकडेच आहे. एवढे पैसे मोजून हाती काय आलं, हे आत्ता कुठे नीट सांगता येतंय. थोडक्यात सांगायचं तर गाईडचे पैसे वसूल झाले ते त्याने ‘हे नको’ म्हटलं त्या वेळांमुळे.

मी कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, कॅलगरीत राहते, मूळची चंद्रपूरची. इथे रीतसर कोर्स करून बंदुकीचा परवाना घेतला. काही वर्षांपासून शरदात हरणाच्या शिकारीला जाते आणि घरातलं बरंचसं लाल मांस त्यातूनच येतं. अस्वल, म्हणजे इथलं काळं अस्वल, मात्र पहिल्यांदाच.

अल्बर्टात राहून शेजारच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात कशाला गेलीस, असं सगळेच विचारतात. अल्बर्टाच्या बऱ्याच भागांत अस्वलाला आमिष लावायला कायद्याने परवानगी आहे. खाणं ठेवायचं, मचाणावर बसायचं आणि वाट पाहायची. त्यालाही नावं ठेवायची माझी इच्छा नाही. जनावर जवळून, शांतपणे पारखता येतं हा त्याचा फायदा खरा आहे. पण मला चालत, शोधत करायची शिकार हवी होती. ब्रिटिश कोलंबियात अस्वलाला आमिष लावणं बेकायदा आहे. शिवाय तिथला रहिवासी नसलेल्याला मोठ्या जनावराची शिकार करायची तर सोबत परवानाधारक गाईड लागतो, नाहीतर तसा खास परवाना काढलेला तिथला कोणी ओळखीचा. माझ्या ओळखीचं तिथे कोणी नव्हतं. प्रत्येक आउटफिटरला, म्हणजे अशा गाईडेड शिकारी भरवणाऱ्या व्यावसायिकाला, सरकारने स्वतंत्र टापू नेमून दिलेला असतो, त्यात दुसऱ्याला धंदा करता येत नाही. त्यामुळे तुम्ही आउटफिटर निवडता तेव्हाच जंगलही निवडून झालेलं असतं.

अलास्का हायवे डॉसन क्रीकला सुरू होतो. १९४२ साली, युद्धाच्या घाईत बांधलेला हा रस्ता. त्यावरून फोर्ट सेंट जॉनच्या पुढे गेलं की पॉप्लर आणि स्प्रूसचं जंगल लागतं आणि त्यात मधूनमधून सरळ तोडलेले पट्टे, गॅसच्या पाइपलाइनसाठी किंवा सर्व्हेसाठी काढलेले. कटलाइन म्हणतात त्यांना. तिथे ऊन जमिनीपर्यंत पोचतं, म्हणून गवत, क्लोव्हर आणि डँडेलियन सगळ्यात आधी तिथेच येतात. हिवाळाभर उपाशी झोपलेलं अस्वल बाहेर येतं ते या हिरव्या चाऱ्यासाठी. तासन्‌तास मान खाली घालून चरत असतं. बिळातून आधी मोठे नर बाहेर पडतात, पिल्लंवाल्या माद्या सगळ्यात शेवटी. मेच्या शेवटी माजाचा काळ सुरू होतो आणि नर माद्यांच्या मागावर मोकळ्या जागी दिसू लागतात. ही सगळी माहिती मी घरून वाचून गेले होते. तिथे जाऊन कळलं की वाचलेलं आणि दुर्बिणीतून दिसणारं यांचा मेळ बसायला वेळ लागतो.

दिनक्रम हरणाच्या शिकारीच्या उलटा. पहाटे उठायची घाई नाही. अस्वलं दुपार कलल्यावर जास्त दिसतात आणि त्या दिवसांत सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो. सकाळी जाड कापडाच्या तंबूत, शेगडीजवळ मोजे वाळवत गप्पा. दुपारी भरपेट जेवण. मग ट्रकने आणि पायी, एका कटलाइनवरून दुसरीवर, अंधार पडेस्तोवर.

आमचा गाईड साठीकडे झुकलेला, कमी बोलणारा. पहिल्याच दिवशी त्याने एक नियम घातला: अस्वल दिसलं की आधी तू सांगायचंस काय दिसतंय, मग मी बोलणार. हा नियम मला या सगळ्यात सर्वांत मोलाचा वाटतो. त्या टापूत ग्रिझली ही दुसऱ्या जातीची मोठी अस्वलंही आहेत आणि प्रांताने २०१७ साली ग्रिझलीची परवान्यावरची शिकार बंद केली आहे, म्हणजे ओळखण्यात चूक झाली की गुन्हाच. रंगावर विसंबता येत नाही, कारण काळ्या अस्वलांत तपकिरी आणि दालचिनीच्या रंगाचीही बरीच असतात. खांद्यावर उंचवटा आहे का, कपाळापासून नाकापर्यंतची रेषा सरळ आहे की खोलगट, कान केवढे, पुढच्या पायाची नखं कशी, असं एकेक करून मला मोठ्याने सांगावं लागे. आकाराचंही तसंच. कान मोठे आणि उभे दिसले तर अस्वल लहान समजायचं. मोठ्या नराचं डोकं इतकं रुंद झालेलं असतं की कान बाजूला सरकल्यासारखे आणि छोटेसे दिसतात. तो डुलत चालतो आणि पोट जमिनीलगत असतं.

एका संध्याकाळी एक चांगलं भरलेलं अस्वल दिसलं. एकटं, आडवं उभं, वारा त्याच्याकडून आमच्याकडे. मी सगळं सांगितलं: काळं अस्वल, पूर्ण वाढलेलं, एकटं. तो म्हणाला, “थांबू या.” आम्ही बसून राहिलो. डास कानात गुणगुणत होते, उजेड उतरत होता आणि ते अस्वल शांतपणे चरत होतं. अर्ध्या तासाने त्याने मान वर करून काहीतरी हलकासा आवाज केला आणि मागच्या पॉप्लरच्या बुंध्यावरून दोन पिल्लं घसरत खाली आली. त्या वर्षीच जन्मलेली.

दोन वर्षांखालचं पिल्लू किंवा त्याच्या सोबतचं कुठलंही अस्वल मारायला तिथे मनाई आहे. पण पिल्लं झाडावर असताना कायदा तुमच्या मदतीला येत नाही. तिथे डोळे लागतात आणि थांबायची तयारी लागते. कॅनडाच्याच ऑन्टारिओ प्रांताने १९९९ साली वसंतातली शिकार बंद केली होती, त्यामागचा आक्षेप पिल्लं अनाथ होण्याचाच होता. २०१४ मध्ये तिथे काही भागांत ती प्रायोगिक तत्त्वावर पुन्हा सुरू झाली आणि २०२१ मध्ये कायम झाली. शिकारीच्या बाजूने असूनही मला तो आक्षेप गंभीर वाटतो, आणि त्या संध्याकाळनंतर जास्तच. जो गाईड अर्धा तास थांबत नाही त्याला एक डॉलरही देऊ नये.

आईला फोनवर हे सांगितलं. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे मोहफुलं वेचायला पहाटे रानात जाणाऱ्या बाया अस्वलाला वाघापेक्षा जास्त भितात, असं मी लहानपणापासून ऐकत आलेय. तिकडचं अस्वल वेगळं; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पूर्ण संरक्षण आहे आणि ते असायलाच हवं. शिकारीला जाणार म्हटल्यावर आईने अडवलं नव्हतं. या वेळी फक्त म्हणाली, “पिल्लंवालीच्या वाट्याला जाऊ नको गं, बाई.”

माझं अस्वल त्यानंतर मिळालं. म्हातारा नर, कानाला जुनी चीर, नाकावर वण. साधारण ११० मीटर. तो तिरका उभा होता तोवर गाईडने माझ्या खांद्यावरचा हात काढला नाही. आडवा झाल्यावर काढला. ३०८ ची रायफल काठ्यांच्या तिवईवर होती. एकच गोळी, खांद्याच्या जरा मागे. तो झाडीत गेला आणि काही क्षणांनी लांबलचक कण्हण्याचा आवाज आला. अस्वल मरताना असा आवाज करू शकतं, हे मला आदल्या रात्रीच सांगून ठेवलेलं होतं. तरी ऐकताना पोटात कालवलं. ज्यांना तो आवाज सोसवणार नाही असं वाटतं, त्यांनी या शिकारीला जाऊ नये, हे मी मनापासून सांगते. गाईडने अभिनंदनाची घाई केली नाही. आम्ही बराच वेळ बसलो, मग त्याने सुरी काढली आणि शिकार झाल्याची नोंद म्हणून मी परवान्यावर तारीख-महिन्याच्या खाचा पाडल्या.

यापुढचं काम फोटोंत दिसत नाही. मेच्या उन्हात मांस लवकर तापतं, म्हणून कातडं तिथल्या तिथे उतरवायचं, मांस सुटं करून जाळीदार पिशव्यांत भरायचं आणि पाठीवर वाहायचं. खाण्याजोगं मांस जंगलात टाकून येणं गुन्हा आहे. पित्ताशय जवळ बाळगणंही गुन्हा, कारण त्याचा मोठा चोरटा व्यापार चालतो. रात्री उशिरापर्यंत आम्ही दोघं वाहत होतो आणि मला ते कष्ट अगदी योग्य वाटले.

आता स्वयंपाकघर, कारण खरा वापर तिथेच झाला. अस्वलाच्या मांसात ट्रिकिनेला नावाचे जंत असू शकतात. हे मांस गोठवून सुरक्षित होत नाही, कारण उत्तरेकडच्या काही जाती थंडीला दाद देत नाहीत. २०२२ साली अमेरिकेत एका कुटुंबाने कॅनडाच्या उत्तर सस्कॅचेवानमधल्या अस्वलाचे कबाब केले होते. मांस ४५ दिवस गोठवलेलं होतं, तरी सहा जण आजारी पडले. त्यातल्या दोघांनी तर मांसासोबत भाजलेल्या भाज्याच खाल्ल्या होत्या. म्हणून आमच्याकडे या मांसाला स्वतंत्र पाट आणि सुरी, आणि आतलं तापमान ७४ अंश सेल्सिअसच्या वर गेल्याशिवाय ताटात काही येत नाही. इथे आपला प्रेशर कुकर फार कामाला येतो. मांडीचे तुकडे आधी कुकरात मऊ करायचे आणि मग सावजी मसाल्यात रटरट शिजवायचे. गवतावर चरलेल्या अस्वलाचं मांस गडद, किंचित गोडसर असतं, उग्र वास अजिबात नाही. सावजीचा तिखटपणा ते छान पेलतं. खिमाही उत्तम झाला, पातीचा कांदा आणि भरपूर मिऱ्यांसोबत. वसंतातल्या अस्वलाच्या अंगावर चरबी कमी असते, तरी थोडी कढवून बरणीत ठेवली होती. तिच्यात परतलेले बटाटे माझी मुलगी अजून मागते.

सामानाबद्दल थोडंच. १०x४२ ची दुर्बीण पुरली, पण तिच्यावर पैसे वाचवू नका. रायफलपेक्षा शंभरपट जास्त वेळ तीच हातात असते. जलरोधक बूट आधी घरी महिनाभर वापरून पायात बसवून घ्या. रेनकोट चालताना सळसळ करणारा नको. डासांची जाळी टोपीवरून घालायचीच, आणि रोज रात्री गोचीड तपासायचे.

तक्रारी आहेत. किंमत काही हजार डॉलर सांगितली गेली, पण कर, टीप आणि मांस कापून बांधून घेण्याचा खर्च त्यात नव्हता, आणि हे आधी स्पष्ट बोललं गेलं नाही. जेवण एकसुरी होतं. कातड्याबद्दल विचारल्यावर दर वेळी नवी तारीख मिळते आहे. आणखी एक, भारतात नातेवाइकांना दाखवायला कातडं घेऊन जाऊ असं कोणाच्या मनात असेल तर तो विचार सोडा. काळं अस्वल सायटिस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे, देशाची सीमा ओलांडायला त्याला परवाने लागतात. माझं कातडं कॅलगरीतच राहणार.

मी पुन्हा जाणार आहे, त्याच गाईडकडे, यंदा नाही तर पुढच्या वसंतात. तुम्ही कोणाला फोन करणार असाल तर किती अस्वलं दिसतील हे विचारू नका. मादी एकटी आहे की नाही हे तो कसं ठरवतो, ते विचारा आणि उत्तर द्यायला तो किती वेळ घेतो ते ऐका. तापलेल्या दिवशी मांस गार कुठे करतात, तेही विचारा. आणि मांस कापून देण्याचे पैसे वेगळे आहेत का, हे लेखी घ्या.