मोजावे संग्रह: टीवायबीएस्सीच्या प्रोजेक्टला कितपत उपयोगी?

मुंबईत पावसाळाभर दुर्बीण कपाटातच असते, एरवी दिव्यांचा झगमगाट आड येतो. मोजावे या रेडिओ-निरीक्षण प्रकल्पाच्या ऑनलाइन संग्रहाला या दोन्हींचं सोयरसुतक नाही. अमेरिकेच्या व्हीएलबीए या दूरदूर पसरलेल्या रेडिओ दुर्बिणींनी १५ गिगाहर्ट्झला टिपलेल्या क्वेसारच्या (दूरच्या दीर्घिकांच्या अतितेजस्वी गाभ्यांच्या) जेटच्या, म्हणजे त्यातून सुटणाऱ्या झोताच्या, प्रतिमा इथे फुकट मिळतात. आपली खोडदची जीएमआरटी रेडिओ दुर्बीण या कामाची नाही: तिचा पसारा २५ किलोमीटर, व्हीएलबीएचा ८,०००च्या वर, आणि मोजायचा असतो मिलिआर्कसेकंद (अंशाचा ३६ लाखावा भाग); पसारा जितका मोठा, तितका बारीक कोन दिसतो.

सुरुवात ३सी २७३ या क्वेसारपासून करा. जेट लांब, त्यातल्या गाठी (तेजस्वी ठिपके) ठळक. पाच-सहा तारखांच्या फिट्स (खगोलीय प्रतिमांच्या) फाइल डीएस९ या प्रतिमा बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. स्केल लॉगवर ठेवा, नाहीतर गाभ्यापलीकडे (जेटच्या मुळाशी असलेल्या तेजस्वी ठिपक्यापलीकडे) काही दिसणार नाही. फाइलच्या हेडरमधला सीडेल्ट२, म्हणजे एका पिक्सेलचं माप, अंशांत असतो. ३६ लाखांनी गुणला की पिक्सेलमागे मिलिआर्कसेकंद मिळतात. गाठ कुठे आहे ते दर वेळी गाभ्यापासूनच मोजा. सेल्फ-कॅलिब्रेशनमध्ये (निरीक्षणातल्या चुका त्याच निरीक्षणावरून सुधारताना) आकाशातली मूळ जागा हरवलेली असते, त्यामुळे नुसते पिक्सेल क्रमांक जुळवले तर वेग काहीही येतो.

मग तारीख आणि गाभ्यापासूनचं अंतर यांचा आलेख काढून त्याचा उतार काढा. मुलं मार खातात ती इथे. या क्वेसारचा रेडशिफ्ट (विश्वाच्या प्रसरणाने प्रकाशाला आलेला ताण) ०.१५८, तिथे १ मिलिआर्कसेकंद म्हणजे सुमारे ८.८ प्रकाशवर्षं. उतार वर्षाला १ मिलिआर्कसेकंद आला की ८.८ लिहून मोकळे होतात; प्रसरणाने काळही ताणला जातो, म्हणून १.१५८ने गुणायचं असतं ते राहतं. उत्तर हवं प्रकाशाच्या सुमारे १०.२ पट. कोनीय अंतराच्या (आकारावरून काढलेल्या) जागी तेजस्विता-अंतर (उजेडावरून काढलेलं) घातलं, तर तेच ३४ टक्के फुगतं.

वेग प्रकाशाहून जास्त आला, तरी एवढ्यावरून आइन्स्टाइनला रजा देऊ नका. गाठ जवळजवळ आपल्याच दिशेने येत असते, म्हणून नंतर निघालेल्या प्रकाशाला कमी वाट कापावी लागते आणि दोन प्रतिमांमधला काळ आक्रसतो. वेग प्रकाशाच्या ०.९९ पट, आपल्या दिशेशी कोन ८ अंश घालून बघा: भासमान वेग ७ पट. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ मार्टिन रीस यांनी हे १९६६मध्येच मांडलं होतं, निरीक्षणं १९७१च्या सुमारास आली.

खोट एकच, पण त्रासदायक: तारखा सारख्या अंतराने नाहीत. मध्ये मोठी फट पडली की जुनी गाठ फिकी पडते, मागची पुढे येते आणि भलतीच जोडी जमते. म्हणून गाठीची चमकही नोंदवा. ती अचानक वाढलेली दिसली तर ती जोडी सोडून द्या. गतीचे तयार तक्ते साइटवर आहेतच, ते स्वतःची मोजणी झाल्यावर उघडा.