यूट्यूब चॅनेलची कमाई सांगणारी टूल्स: खऱ्या आकड्यांशेजारी ठेवून बघितल्यावर

मी कोल्हापुरात व्हिडिओ एडिटिंगची कामं घेतो. गिऱ्हाईक साधंच आहे. इचलकरंजीच्या एक काकू रेसिपीचं चॅनेल चालवतात, एक कीर्तनकार महाराज आहेत, स्पर्धा परीक्षेचे वर्ग घेणारे एक सर आहेत आणि ट्रॅक्टर-अवजारांचे व्हिडिओ टाकणारा एक पोरगा आहे. काही जण महिन्याचे ठरलेले पैसे देतात, काहींशी टक्केवारीवर ठरलंय. टक्केवारीचं काम घ्यायचं तर समोरच्याचं चॅनेल किती कमावतं याचा अदमास आधी लागलेला बरा, म्हणून मी ही टूल्स वापरायला लागलो. आता वर्ष होत आलं. चौघांच्याही यूट्यूब स्टुडिओचा (चॅनेलवाल्याला स्वतःचे खरे आकडे दाखवणारी यूट्यूबची सोय) अ‍ॅक्सेस माझ्याकडे असल्यामुळे टूलचा अंदाज आणि खरी कमाई शेजारी शेजारी ठेवून बघता येते. खालचे आकडे त्यांना विचारून देतोय, थोडे गोल करून.

टूल्स ढोबळमानाने तीन प्रकारची. एक, सोशल ब्लेडसारखी साइट, जिथे चॅनेलचं नाव टाकलं की रोजचे व्ह्यूज, सबस्क्रायबर आणि कमाईची एक रेंज दिसते. ही साइट 2008 सालची, तेव्हा ती यूट्यूबसाठी नव्हतीच, डिग नावाच्या साइटची आकडेवारी दाखवायला काढली होती. दोन, कॅल्क्युलेटर: व्ह्यूज टाका, दर हजारी भाव सरकपट्टीवर ठरवा, गुणाकार समोर. तीन, ब्राउझरला जोडायचं एक्स्टेन्शन, जे प्रत्येक व्हिडिओखालीच डॉलरचा आकडा चिकटवतं. यातल्या एकाचं पैसे भरून घ्यायचं सबस्क्रिप्शनही मी घेतलं होतं, त्याचं पुढे सांगतो.

सोशल ब्लेडची रेंज कशी निघते ते गुपित नाही. दर हजार व्ह्यूजना कमीत कमी पाव डॉलर, जास्तीत जास्त चार डॉलर. झालं. म्हणजे खालच्या आणि वरच्या आकड्यात कायम सोळा पटींचा फरक. महिन्याला 10 लाख व्ह्यूज असतील तर 250 ते 4,000 डॉलर. डॉलर 85 रुपये धरला तर 21 हजार ते 3 लाख 40 हजार. एवढ्या अंतरात शिपायापासून कलेक्टरपर्यंत सगळ्यांचा पगार बसतो.

तरी रेंज देणाऱ्याला मी मार्क देतो, कारण निदान ‘आम्हाला नक्की माहीत नाही’ हे त्यात दिसतं. गोची होते ती वाचणाऱ्याची, कारण माणूस वरचाच आकडा लक्षात ठेवतो. काकूंच्या जाऊबाईंनी कुठूनतरी तो बघितला आणि भिशीत सांगितला. काकूंचा मला फोन: “अरे, मी महिन्याला तीन लाख मिळवते म्हणे! मग माझ्या खात्यावर का दिसंनात? तू तर काय खात नाहीस ना मधे?” त्या हसत म्हणाल्या, पण मी संध्याकाळी लॅपटॉप घेऊन गेलो आणि स्टुडिओ उघडून दाखवला. त्या महिन्यात त्यांचे व्ह्यूज होते साधारण 10 लाख आणि कमाई 13 हजारांच्या आसपास. टूलने सांगितलेल्या कमीत कमी आकड्याच्याही खाली.

असं का, हे कळायला स्टुडिओतलं एकच पान पुरतं. 10 लाखांपैकी 7 लाख व्ह्यूज शॉर्ट्सचे, म्हणजे उभ्या छोट्या व्हिडिओंचे होते. त्यांचे मिळाले हजारभर रुपये. बाकीचे 12 हजार उरलेल्या 3 लाख व्ह्यूजनी दिले, म्हणजे हजारी 40 रुपये. शॉर्ट्सचा हिशोबच वेगळा आहे. लांब व्हिडिओवरच्या जाहिरातीचे 55 टक्के क्रिएटरला आणि 45 यूट्यूबला. शॉर्ट्समध्ये दोन व्हिडिओंच्या मधे लागणाऱ्या जाहिरातींचा पैसा एका गल्ल्यात जमा होतो, त्यातून गाण्यांचा वाटा बाजूला निघतो, आणि क्रिएटरच्या वाट्याला जे येतं त्याचे 45 टक्के हातात पडतात. फेब्रुवारी 2023 पासून ही पद्धत आहे. बाहेरून बघणाऱ्या टूलला एकूण व्ह्यूज दिसतात, त्यातले शॉर्ट्सचे किती हे बरीच टूल्स वेगळं काढतच नाहीत.

त्यात 31 मार्च 2025 पासून आणखी एक भर पडली. शॉर्ट सुरू झालं की व्ह्यू धरायचा, किती वेळ बघितलं ते न बघता. पुन्हा वाजलं तर पुन्हा धरायचा. पैसे मात्र आधीच्याच पद्धतीने मोजलेल्या ‘एंगेज्ड व्ह्यूज’वर. त्या तारखेनंतर काकूंचा आलेख टूलवर असा चढला की बघणाऱ्याला वाटावं लॉटरी लागली. खात्यावर एक रुपया वाढला नव्हता. जुने महिने आणि नवे महिने एकाच आलेखावर ठेवून तुलना करणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी. शॉर्ट्स जास्त असलेल्या चॅनेलचा मधला उंचवटा बऱ्याचदा तिथलाच असतो.

महाराजांचं प्रकरण अजून वेगळं. महिन्याला 6 लाख व्ह्यूज, बहुतेक तासा-दीड तासाच्या कीर्तनांचे. आठ मिनिटांच्या वरच्या व्हिडिओत मधे मधे जाहिराती टाकता येतात, त्यामुळे कागदावर हे चॅनेल सगळ्यांत तगडं. टूल म्हणतं 12 हजार ते 2 लाख. खरे मिळतात चार-साडेचार हजार. कारण क्लेम. कीर्तनात मधे अभंगाची एखादी प्रसिद्ध चाल आली, किंवा मंडपात आधी रेकॉर्ड वाजत होती ती मागे ऐकू आली, की यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा तो तुकडा ओळखते आणि व्हिडिओची कमाई गाण्याच्या हक्कदाराकडे वळते. व्ह्यूज महाराजांच्या नावावर, पैसे दुसऱ्याच्या. बाहेरून हे कुणालाच दिसत नाही. आता मी कीर्तन सुरू व्हायच्या आधीचा भाग कापून टाकतो आणि क्लेम आलेल्या ठिकाणचा आवाज बघून घेतो. थोडा फरक पडलाय, पण पखवाज-टाळ काढून कीर्तन कसं दाखवणार?

आणि मुळात चॅनेलला मोनेटायझेशन, म्हणजे जाहिरातीत वाटा मिळायची मंजुरी, आहे की नाही, हेही टूलला नक्की कळत नाही. जाहिरातीचे पैसे मिळायला 1,000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4,000 तासांचा वॉच टाइम लागतो, किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सचे 1 कोटी व्ह्यूज. पण नोव्हेंबर 2020 पासून यूट्यूब या अटीत न बसणाऱ्या चॅनेलवरही जाहिराती दाखवू शकतं आणि त्यात चॅनेलवाल्याला वाटा नसतो. ओळखीतल्या एका मुलाचं 700 सबस्क्रायबरचं चॅनेल आहे. त्याला टूल महिन्याला 20 डॉलर दाखवतं, व्हिडिओवर जाहिरात दिसते, आणि घरचे विचारतात पैसे कुठं जातात.

सरांच्या बाबतीत मात्र अंदाज रेंजमध्ये बसला. व्ह्यूज दीड लाखच, टूलची रेंज 3 हजार ते 51 हजार, खरी कमाई 11 हजार. हजारी 70-75 रुपये पडले, काकूंच्या जवळजवळ दुप्पट. प्रेक्षक ठरावीक वयाचा, क्लास आणि अ‍ॅपवाले त्याच्यासाठी जास्त बोली लावतात. पण सरांच्या दृष्टीने ही चिल्लर आहे. त्यांचा खरा धंदा टेस्ट सिरीजचा. ट्रॅक्टरवाल्या पोराचंही तेच. अवजारांचे विक्रेते त्याला थेट व्हिडिओमागे पैसे देतात, कधी वस्तू देतात. (वर्षात 20 हजारांवर गेलेल्या वस्तूंवर 10 टक्के टीडीएस लागतो, हे त्याला माझ्या ओळखीच्या सीएने सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.) हे पैसे कुठल्याच टूलमध्ये येत नाहीत. त्यामुळे ‘अंदाजे कमाई’ वाचताना ‘जाहिरातीची, तीही सगळं सुरळीत असेल तर’ असं मनात जोडून वाचावं.

एका गोष्टीवर मात्र टूल्सवाल्यांना दोष द्यावासा वाटतो. सीपीएम आणि आरपीएम यांची खिचडी. सीपीएम म्हणजे जाहिरातदार हजार जाहिरातींना काय मोजतो ते. आरपीएम म्हणजे यूट्यूबचा वाटा जाऊन हजार व्ह्यूजमागे क्रिएटरच्या हातात काय पडतं ते. प्रत्येक व्ह्यूवर जाहिरात लागत नाही, त्यामुळे आरपीएम बहुतेक वेळा बराच खाली असतो. यूट्यूबने 2020 पासून स्टुडिओत आरपीएम वेगळा दाखवायला सुरुवात केली. तरी मी वापरलेल्या एका कॅल्क्युलेटरमध्ये सरकपट्टीवर सीपीएम लिहिलंय आणि उत्तराला ‘तुमची कमाई’ म्हटलंय. शिवाय पट्टी सुरूच होते एका डॉलरपासून. मराठी रेसिपीला हजारी एक डॉलर? काकूंना सांगितलं तर पेढे वाटतील.

परदेशातल्या प्रेक्षकांचा मुद्दा याच्याशीच जोडलेला. काकूंचा उकडीच्या मोदकांचा व्हिडिओ दर गणपतीत वर येतो आणि तेव्हा अमेरिका-इंग्लंडमधून बघणाऱ्या मराठी बायकांची संख्या वाढते. त्या व्हिडिओचे 100 पैकी चारच व्ह्यूज अमेरिकेतले होते, पण कमाईतला जवळजवळ पाचवा हिस्सा त्यांनी दिला. त्या हिश्शावर अमेरिकेचा कर कापला जातो. करारामुळे तो भारतीयांना 15 टक्के पडतो, अर्थात यूट्यूबचे पैसे ज्या गुगल खात्यातून येतात त्या अ‍ॅडसेन्समध्ये टॅक्स फॉर्म भरलेला असेल तर. फॉर्म भरलेलाच नसेल तर सगळ्या जगाच्या कमाईवर 24 टक्क्यांपर्यंत कापू शकतात, म्हणून ज्यांनी अजून भरला नसेल त्यांनी हे वाचून झाल्यावर आधी तेवढं करावं. प्रेक्षक कुठल्या देशातला, हे टूलला माहीत नसतं. काही टूल्स चॅनेलचा देश बघून भाव लावतात. ते जरा बरं, पण मोदक मात्र न्यू जर्सीत बघितले जातात.

आता पैसे भरून घेतलेल्या त्या सबस्क्रिप्शनबद्दल. नाव घेत नाही. ‘अचूक कमाई’ असं जाहिरातीत होतं. उघडल्यावर रेंजऐवजी एकच आकडा, तोही पैशांपर्यंत, म्हणून आधी भारी वाटलं. चौघांशी ताडून बघितलं तर एकही जुळेना, काकूंना चौपट, सरांना निम्मा. दिवाळीत जाहिरातींचे भाव चढतात आणि जानेवारीत बसतात, स्टुडिओत ते ढळढळीत दिसतं. यांच्या आलेखात व्ह्यूज सारखे तर कमाई सारखी. बंद करायला गेलो तेव्हा पुढच्या महिन्याचे डॉलर कार्डावरून गेलेले होते आणि मेलला उत्तर आलं ते छापील. नुसत्या गुणाकारासाठी एवढे पैसे कोण देतं?

मग मी अजून हे वापरतो कशाला? चढउतार बघायला. एखादा नवीन माणूस म्हणतो, “चॅनेल जोरात आहे,” तेव्हा मागच्या काही महिन्यांचा रोजच्या व्ह्यूजचा आलेख खरं सांगतो: एकच व्हिडिओ चालला होता की सगळे थोडे थोडे चालतात. सबस्क्रायबरच्या आलेखावर फार भिस्त ठेवत नाही, कारण 2019 पासून बाहेरच्यांना तो आकडा गोल करूनच मिळतो. एक ते दहा लाखांच्या मधल्या चॅनेलला हजाराच्या पायऱ्याच दिसतात.

कमाईचा अंदाज मी स्वतः काढतो. चॅनेलवर जाऊन गेल्या महिन्याचे लांब व्हिडिओ आणि शॉर्ट्स वेगळे मोजतो. लांब व्हिडिओंना विषय बघून भाव: रेसिपी-भक्तीला 30 ते 45 रुपये हजारी, शिक्षणाला 60 ते 80, शेतीला मधला. शॉर्ट्सना दीड रुपया. गाणी-संगीत दिसलं की लांबची रक्कम निम्मी. हे भाव माझ्या चार चॅनेलवरून आलेत, इंग्रजी किंवा हिंदी चॅनेलला लागू होतील असा माझा दावा नाही. तरी अलीकडे ज्यांची कामं घेतली त्यांनी नंतर स्टुडिओ दाखवला तेव्हा मी 20-25 टक्क्यांच्या फरकात होतो.

मे 2025 मध्ये मुंबईत वेव्हज या मनोरंजन आणि माध्यमांच्या परिषदेत यूट्यूबचे सीईओ नील मोहन म्हणाले की तीन वर्षांत भारतातल्या क्रिएटर, कलाकार आणि मीडिया कंपन्यांना 21,000 कोटींहून जास्त दिले. त्या आठवड्यात मला ‘चॅनेल काढून द्या’ म्हणून फोनावर फोन. त्या रकमेत मोठ्या म्युझिक कंपन्या आणि टीव्हीवालेही आहेत, हे कुणाच्या डोक्यात नव्हतं. प्रत्येकाने कुठलंतरी चॅनेल टूलमध्ये टाकून वरचा आकडा बघून ठेवला होता.

तर, फुकटची साइट ठेवा, आलेखासाठी. कॅल्क्युलेटर चालेल, पण भाव स्वतः टाकता येत असेल तरच, आणि रुपयांत विचार करा. एक्स्टेन्शन मी काढून टाकलं, कारण प्रत्येक व्हिडिओखाली डॉलर दिसायला लागले की व्हिडिओ बघणंच होत नाही. पैसे भरायचं टूल घेऊ नका. टक्केवारीचा व्यवहार करणार असाल तर माझ्यासारखं सरळ सांगा: “स्टुडिओचा गेल्या तीन महिन्यांचा स्क्रीनशॉट पाठवा, मग बोलू.” अ‍ॅडसेन्समध्ये 100 डॉलर जमल्याशिवाय पैसे बँकेत येत नाहीत आणि येतात ते महिन्याच्या 21 ते 26 तारखेच्या दरम्यान, म्हणून आपल्या बिलाची तारीखही त्यानंतरचीच ठेवा. मी 28 ठेवलीय.