एटॅक अॅप आणि लोरा रेडिओ : पावसाळाभर वापरून

२०१९ च्या महापुरात कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीकडं होडी घेऊन गेलेल्या आमच्या पोरांशी संपर्क तुटला. आधी लाईट गेली, मग मोबाइलची रेंज. कोण कुठं आहे, काठावर कुणालाच कळेना. ती रात्र डोक्यातनं जात नाही. म्हणून यंदा मे महिन्यात आमच्या मदत गटानं अॅप आणि रेडिओची ही जोडणी घेतली. डिसेंबरपर्यंत वापरून लिहितोय.

एटॅक म्हणजे फोनच्या नकाशावर एकमेकांच्या जागा दाखवणारं अॅप. ते बनलं अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेत. तिकडचे स्पेशल फोर्सेसचे जवान छातीवरच्या फोनमध्ये एकमेकांच्या जागा बघतात, ते यातच. नागरी आवृत्ती २०२० पासून फुकट मिळते. नेट नसलं की फोनला ब्लूटूथनं लोराचं बोर्ड, म्हणजे लांबवर छोटे मेसेज धाडणारा रेडिओ, जोडायचं. त्यावर मेशटॅस्टिक, म्हणजे एका बोर्डाचा मेसेज दुसऱ्याकडनं पुढं ढकलणारं सॉफ्टवेअर. आपल्याकडं ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झला परवाना लागत नाही. अँटेना त्याच बँडची आहे का, हे विचारूनच घ्या.

सगळा खेळ उंचीचा आहे. एक नोड, म्हणजे असंच एक बोर्ड, ज्योतिबाच्या डोंगरावर ठेवला, तर प्रयाग चिखलीतल्या नावेचा ठिपका शहरात बसून दिसला. तेच बोर्ड उभ्या उसात, भर पावसात किलोमीटरभरातच दमलं. पन्हाळा-पावनखिंड मोहिमेत मसाई पठारावर अख्खी तुकडी दिसत होती, पुढं झाडीत ओढ्यात उतरलो की ठिपके करडे, म्हणजे संपर्क तुटलेले. पण शेवटची जागा नकाशावर राहते, शोधायला तेवढी पुरते.

मेसेजचं मात्र नीट समजून घ्या. एका वेळी साधारण दोनशे बाइट जातात आणि देवनागरीचं एकेक अक्षर तीन बाइट खातं, काना-मात्रा वेगळ्या. जून महिन्याच्या सरावात 'आजींना उचलून न्यावं लागेल, पाणी उंबऱ्याला लागलंय, दोन माणसं आणि दोर पाठवा' हा दोनशे बाइटला टेकलेला मेसेज गेलाच नाही. तेव्हापासून 'आजी १, माणसं २, दोर' एवढंच लिहितो. जखमीला हलवायचा नऊ ओळींचा तयार फॉर्म अॅपमध्ये आहे, पण तो रणांगणावर हेलिकॉप्टर मागवण्यासाठीचा. आम्हाला लागतं ते वेगळंच: गरोदर बाई, अंथरुणावरचा पेशंट, गोठ्यातली जनावरं. त्यासाठी आम्ही वहीत आकडे ठरवून घेतले.

तक्रारी दोन. विक्रेत्यानं 'पाण्यात चालतं' म्हणून दिलेल्या डबीत पहिल्याच पावसात पाणी शिरलं, बोर्ड गेलं. बदलूनही दिलं नाही. आता सिलिकॉन लावून वर प्लास्टिकची पिशवी बांधतो. दुसरी बॅटरीची. जीपीएस चालू ठेवून फोन दुपारपर्यंत मान टाकतो, पॉवर बँक लागतेच.

लोरावरनं बोलता येत नाही, त्यामुळं वॉकीटॉकी काढून टाकू नका. आमच्या नाववाल्या मामांना इंग्रजी मेनू जमत नाही. त्यांचा फोन आम्ही आधीच लावून खिशात घालतो. "मी कुठं हाय ते तुमाला दिसतंय न्हवं? मग झालं," म्हणतात.

पुढच्या जूनच्या आत आंबेवाडीत पाण्याच्या टाकीवर दुसरा नोड बसवायचाय. ग्रामपंचायतीला अर्ज दिलाय.