लालबागच्या काचगृहातील फुलांचे कित्तूर : एक परीक्षण

बेंगळुरूच्या लालबागेत वर्षातून दोनदा, प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्यदिन यांच्या सुमारास, पुष्पप्रदर्शन भरते. ऑगस्ट २०२५ मधील प्रदर्शन इंग्रजांशी लढलेली कित्तूरची राणी चन्नम्मा आणि तिचा सेनानी संगोळी रायण्णा यांना वाहिलेले होते. या दोघांशी जोडलेली काकती, कित्तूर, बैलहोंगल, संगोळी आणि नंदगड ही आपल्या नेहमीच्या येण्याजाण्यातली गावे असल्यामुळे बेळगाव जिल्ह्यातून गेलेला माणूस हे प्रदर्शन केवळ हौसेने पाहू शकत नाही. त्याची नजर आपोआप पारखी होते. रायण्णाचा जन्मदिवस १५ ऑगस्ट मानला जातो आणि २६ जानेवारी १८३१ रोजी त्याला नंदगडला फाशी दिली गेली. लालबागेतील दोन्ही प्रदर्शने याच दोन तारखांच्या आगेमागे भरतात, ही गोष्ट खानापूर तालुक्यातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते आणि तिथे उभे असताना ती मनातून जात नाही.

हैदर अलीने १७६० मध्ये सुरू केलेली ही बाग आज सुमारे २४० एकरांवर पसरलेली आहे, पण प्रदर्शनाचा प्राण आहे तिचे काचगृह. १८८९ मध्ये त्याची पायाभरणी झाली. लोखंडी सांगाड्यावर उभ्या असलेल्या या इमारतीत ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत जो मऊ, चहूकडून येणारा उजेड असतो, तसा उजेड विजेच्या दिव्यांनी उजळलेल्या कोणत्याही कलादालनात मला आढळलेला नाही. फुलांवर कठोर सावली पडत नाही आणि रंग मूळ छटेत दिसतात. मोबाइलने छायाचित्रे काढणाऱ्यांनी मात्र एक काळजी घ्यावी. लाल गुलाबांच्या दाट पट्ट्यात कॅमेरा पाकळ्यांमधील बारीक फरक हरवून बसतो आणि छायाचित्रात नुसता लाल पट्टा उरतो. पडद्यावर बोट ठेवून उजेड थोडा कमी केला की पाकळ्यांच्या कडा परत दिसू लागतात.

काचगृहाच्या मध्यभागी कित्तूरच्या किल्ल्याची फुलांची प्रतिकृती होती आणि माझा बहुतेक वेळ तिच्यासमोरच गेला. फुलांच्या शिल्पाची एक मूलभूत अडचण असते. चित्रकार केसाएवढी बारीक रेघ ओढू शकतो; पण इथे रंगाचा सर्वांत लहान ठिपका म्हणजे एक अख्खे फूल असते आणि त्याहून बारीक काहीही दाखवता येत नाही. म्हणूनच तट, बुरूज आणि कमान हे विषय फुलांना मानवतात, तर माणसाचा चेहरा मानवत नाही. दुसरी अडचण रंगाची आहे. दगडाचा करडा रंग शेवंतीत नाही आणि गुलाबातही नाही, त्यामुळे फुलांचा किल्ला कधीच दगडी दिसू शकत नाही. तो उत्सवी दिसतो. मला हा दोष वाटत नाही, कारण शोकाची वास्तू उत्सवाच्या रंगांत पाहताना मनात जी कालवाकालव होते, ती हुबेहूब प्रतिकृतीने झाली नसती.

जवळ जाऊन पाहिले की कारागिरांचे कसब कळते. देठ आखूड कापलेली फुले एकमेकांना खेटून अशी खोचलेली असतात की मागचा आधार कुठेही डोकावत नाही. सपाट भागावर पूर्ण उमललेली फुले बसतात आणि कोपरा वळला की तिथे आटोपशीर, घट्ट फूल निवडावे लागते, नाहीतर कड फुगीर दिसते. हे नुसते सजावटीचे काम नव्हे. त्याला मूर्तिकाराची नजर लागते आणि ते मूर्तिकामाच्याच मानाने पाहिले जावे, असे मला मनापासून वाटते.

प्रदर्शनांच्या निमित्ताने मांडल्या जाणाऱ्या इकेबाना (जपानी पुष्परचना), बोन्साय (कुंडीत वाढवलेली खुजी झाडे) आणि भाज्यांवरील कोरीवकाम यांपैकी बोन्साय अवश्य पाहावीत. कोरीवकाम देखणे असते, पण ते पाहून मनात फारसे काही उरत नाही.

आता चित्र आणि छायाचित्र यांविषयी. कित्तूरचा संग्राम १८२४ चा. त्या वर्षी २३ ऑक्टोबरला धारवाडचा इंग्रज कलेक्टर थॅकरे या लढाईत मारला गेला. छायाचित्रणाची कला जगापुढे आली १८३९ मध्ये, तर राणी १८२९ मध्येच बैलहोंगलच्या कैदेत मरण पावली होती. याचा अर्थ असा की राणीचे छायाचित्र असणे शक्यच नव्हते. घोड्यावर बसलेली, तलवार उपसलेली जी मूर्ती आपण पुतळ्यांत आणि फलकांवर पाहतो, ती चित्रकारांनी आणि शिल्पकारांनी श्रद्धेने घडवलेली आहे. छायाचित्रकाराच्या वाट्याला येतात ती स्थळे. कित्तूरच्या वाड्याच्या ढासळलेल्या जाड भिंती, बैलहोंगलची समाधी आणि नंदगडला रायण्णाच्या समाधीपाशी असलेला वड यांची चांगली, मोठ्या आकारात छापलेली छायाचित्रे फुलांच्या अखंड किल्ल्याशेजारी लावली, तर पाहणाऱ्याला अखंड आणि भग्न दोन्ही एका नजरेत दिसतील. बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागात उत्तम छायाचित्रकार आहेत आणि हे काम त्यांच्याच हातून व्हावे. मात्र छायाचित्राखाली स्थळ, ऋतू आणि काढणाऱ्याचे नाव असलेच पाहिजे. आपल्याच भागात भरलेल्या एका प्रदर्शनात सह्याद्रीतील रानफुलांची सुरेख छायाचित्रे कोणत्याही नावाविना टांगलेली मी पाहिली आणि आयोजकांना विचारूनही फुलांची नावे कळली नाहीत. वनस्पतिउद्यानात प्रत्येक झाडाला नावाची पाटी असते. प्रदर्शनांनी निदान तेवढी शिस्त उचलावी.

बेळगावहून जाणाऱ्यांसाठी राणी चन्नम्मा एक्सप्रेस सोयीची आहे. रात्री बसले की सकाळी बेंगळुरूचे मुख्य स्थानक येते आणि तिथून मेट्रोच्या हिरव्या मार्गावरील लालबाग स्थानक जवळच आहे. सुटीचा दिवस टाळावा, कारण गर्दीत फुलांपुढे क्षणभरही थांबता येत नाही. शक्यतो सुरुवातीच्या दिवसांतच जावे. कापलेली फुले कोमेजतात आणि ती बदलली जाईपर्यंत रंग उतरतो. मुलांना नेणार असाल, तर त्याआधी एखाद्या रविवारी कित्तूरला जाऊन या. महामार्गावरच आहे, आणि खरा वाडा पाहून आलेले मूल फुलांच्या किल्ल्यापुढे जे प्रश्न विचारते, ते नुसती फुले पाहणाऱ्याला सुचत नाहीत.