इंट की डबल? आंब्याच्या बिलापुरतं

रत्नागिरीच्या बागायतदारासाठी जावा या प्रोग्रामिंग भाषेत बिलाचा प्रोग्राम लिहायचा, तर आकडे ठेवायचे कशात? पूर्णांकांच्या इंट प्रकारात, की दशांशांच्या डबलमध्ये?

पेट्या मोजायला इंटच. साडेतीन पेट्या टेम्पोत चढत नाहीत, आणि इंटमध्ये ३.५ टाकलंत तर कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम तपासून यंत्रासाठी भाषांतर करणारा) तिथेच अडवतो. हा कडक शिस्तीचा फायदा. पण ७ / २ लिहा, उत्तर ३ येईल आणि तोच कंपायलर चकार शब्द काढणार नाही!

आंब्यांचं वजन १.३५ किलो असेल, तर डबल. ६४ बिट (म्हणजे ०-१ च्या ६४ जागा), दशांश चालतात, वजनाला उत्तम.

पैशांना मात्र डबल नको, असं माझं ठाम मत. ०.१ + ०.२ ची बेरीज तिथे ०.३०००००००००००००००४ येते, कारण ०.१ बायनरीत, म्हणजे संगणकाच्या ०-१ च्या अंकपद्धतीत, नेमका बसतच नाही. दलालाशी आधीच पै-पैवरून वाद, त्यात ही भर कशाला? रक्कम रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकात ठेवा. फक्त ३२ बिटांचा इंट २,१४,७४,८३,६४७ ला संपतो, म्हणजे पैशांत मोजलं तर सव्वादोन कोटी रुपयांच्याही आत. पुढे बेरीज गुपचूप उणे होते. मोसमाच्या एकूण उलाढालीला ६४ बिटांचा लाँग हा मोठ्या पूर्णांकांचा प्रकार घ्या.